मावशीकडे गेलेली माणसं

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणतात. ते पाय म्हणजे मी. त्यातही मागचे. पुढचे पाय, मान, तोंड आणि आवाज माझ्या ताईचा. शेपूट आणि कंबरदुखी माझी. काय करता म्हणून कोणी विचारलं तर ताई सांगते, “टीव्हीवर असते.” मी सांगते, “तिच्या मागे असते.” उगाच खोटं कशाला बोला.

गाढवाचं नाव प्राध्यापक. मुलांच्या कार्यक्रमात ते दर रविवारी संध्याकाळी एक थोर पुस्तक खातं आणि मग त्याची गोष्ट सांगतं. खातं म्हणजे अगदी खरंच. ताई आतून जबडा उघडते, पुस्तक आत जातं, कापडी नळीतून घसरत गाढवाच्या पोटात येतं आणि माझ्या टाळक्यावर आपटतं. साहित्य वजनदार असतं म्हणतात ना, ते किती हे मला विचारा. मी तिथेच वाकलेल्या अवस्थेत छोटी बॅटरी लावते, पुस्तक उघडते आणि ताईला हळू आवाजात गोष्ट सांगत जाते. ती तेच जगाला मोठ्या आवाजात सांगते. ताईने आजवर एकही थोर पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही. तिला वेळ नसतो. मला मात्र असतो, कारण मागच्या पायांना कोणी मुलाखतीला बोलवत नाही.

हे गाढव आबांनी शिवलं. आबा म्हणजे आमचे वडील. त्यांचा धंदा पडदे शिवण्याचा. एका नाट्यगृहाचा करडा मखमली पडदा उरला होता, त्याचं त्यांनी गाढव केलं. कान केले, पापण्या केल्या, शेपटीला गोंडा लावला, फक्त दात बसवायचे राहिले. “पुढच्या आठवड्यात बसवतो,” असं ते दर आठवड्याला म्हणायचे. तो पुढचा आठवडा काही उगवला नाही आणि प्राध्यापकाच्या तोंडाचं बोळकं ते बोळकंच राहिलं. मुलांना त्याचं काही वाटायचं नाही. थोर पुस्तकं मऊ असतील, असं त्यांना वाटत असावं.

आता मुख्य भानगड सांगते. आमच्या साहेबांचा एक नियम होता: संध्याकाळच्या कार्यक्रमात कोणी मरायचं नाही. मुलं घाबरतात, जेवत नाहीत, मग आया फोन करतात. ठीक आहे. पण मला सांगा, थोर पुस्तकांत माणसं दुसरं करतात काय? शेवटच्या शंभर पानांत नुसती रांग लागलेली असते. कोणी बुडतंय, कोणी विष घेतंय, कोणी तलवारीने पडतंय, एखादी बाई पुस्तकभर खोकून अखेर जातेय. साहेबांना थोर साहित्यही पाहिजे आणि सगळी माणसं धडधाकटही पाहिजेत.

पहिल्याच भागात एक कप्तान होता. प्रकरण पुढे जात जात त्याचं जहाज खडकावर आपटलं. मी पोटातून म्हटलं, “बुडाला. मेला.” ताई थबकली. कार्यक्रम थेट, कॅमेरा चालू, समोर मुलं डोळे विस्फारून बसलेली. ताईची जीभ म्हणजे उचलली आणि लावली टाळ्याला. म्हणाली, “आणि मग कप्तान... मावशीकडे गेला.”

मी आतल्या आत कपाळाला हात लावला. वाकून तेही नीट जमत नाही. पण मुलांनी टाळ्या वाजवल्या, साहेबांनी काचेमागून अंगठा दाखवला, आणि तेव्हापासून आमच्या कार्यक्रमात जो मरेल तो मावशीकडे जायला लागला. विष प्यायलेली राणी मावशीकडे गेली. तिला विष देणारा प्रधान फासावर चढला, म्हणजे तोही मावशीकडेच गेला. एका युद्धाच्या पुस्तकात तर अख्खी पलटण मावशीकडे गेली. मी ताईला म्हटलं, “अगं, त्या बाईचा काही विचार कर.”

मुलांनी केला. कार्यक्रमाच्या शेवटी प्राध्यापक खुराने फोन उचलून मुलांशी बोलतं, तर मुलांना पुस्तकाबद्दल काही विचारायचंच नसायचं. सगळे प्रश्न मावशीचे. मावशीकडे खाटा किती? खोकणारी बाई बरी झाली का? पलटणीतले घोडे कुठे बांधतात? एका मुलीने विचारलं, “राणी आणि प्रधान दोघंही तिथेच आहेत, मग भांडणं होत नाहीत का?” ताई म्हणाली, “मावशी त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवते.” एक मुलगा फार गंभीरपणे म्हणाला, “मावशीला एकदा तरी सुट्टी द्या.” मला तो मुलगा आवडला. माय मरो पण मावशी जगो, म्हणतात. आमच्याकडे मावशी सोडून सगळेच मरत होते.

ताईची मुलगी भिंगरी. एका जागी टिकत नाही म्हणून भिंगरी. नुकती शाळेत जायला लागलेली. तिला गाढवाचं गुपित ठाऊक होतं: पुढे आई, मागे मावशी. त्यामुळे तिच्या डोक्यात काही गोंधळ नव्हता. गोष्ट सांगते तिची आई, मग गोष्टीतली मावशी म्हणजे मी, दुसरी कोण असणार? ती माझ्या घरी यायची तेव्हा माझ्या दोन खोल्या बघून विचारायची, “सगळे कुठे गेले?” आणि मग स्वतःच म्हणायची, “दिवसा फिरायला जात असतील.” एकदा तिने विचारलं, “कप्तान घोरतो का गं?” मी म्हटलं, “फार.” तेव्हा सगळी गंमत होती.

हिवाळ्यात आबा गेले. ते ताईकडेच राहायचे. सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, आणि संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्याशिवाय परत आलो. भिंगरी शेजारच्या काकूंकडे होती. आमची चाहूल लागताच ती जिन्यावर धावत आली आणि म्हणाली, “आबा कुठे?”

ताईने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल. पण तोंडाला दर रविवारी जी सवय, तेच त्यातून बाहेर पडलं. “आबा मावशीकडे गेले.”

मी तिच्या शेजारी उभी. हातात आबांचे बूट.

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. “तुझ्याकडे?” मी ताईकडे पाहिलं, ताई भिंतीकडे पाहत होती. मी बूट पाठीमागे लपवले. भिंगरीने तेच उत्तर धरलं आणि तिचा चेहरा खुलला. “मग ठीक आहे. कप्तान आहे तिथे. आबांना पत्ते खेळायला कोणीतरी लागतंच.”

हे कदाचित आठवडाभरात निवळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीला न्हाणीघरात, बेसिनच्या फळीवर, पेल्यात आबांची कवळी सापडली. वरची आणि खालची, दोन्ही. घाईत न्यायची राहिली होती. ती पेला घेऊन माझ्यासमोर आली. “आबा दात विसरले. घेऊन जा.” मी म्हटलं, “राहू दे गं, नंतर नेते.” त्या कवळीला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून भिंगरीला एकच घोर. दात नाहीत तर आबा खातात काय? मी ताईकडे गेले की ती आधी तेच विचारायची. राणीच्या हातचं बरं लागतं का त्यांना? मऊ असतं का? मग ती पावाच्या तुकड्यांच्या कडा काढायला लागली. मऊ भाग कागदात बांधून माझ्या पिशवीत टाकायची. “हे आबांना दे. कडा तू खा.” मी कडा खायचे. मऊ भाग घरी नेऊन ओट्यावर ठेवायचे आणि त्याच्याकडे बघत बसायचे. शेवटी तोही मीच खायचे, कारण फेकवायचा नाही.

“ताई, सांग तिला,” मी म्हणायचे.

“उद्या सांगते.”

आबांचा पुढचा आठवडा आणि ताईचं उद्या, दोन्ही एकाच कापडातले. मला तिचा राग यायचा. पण खरं सांगू, रागापेक्षा भीती वाटायची. आबा गेले तेव्हा मी बादलीभर रडले, ताई मात्र कोरडी ठणठणीत. एकदा माझ्या हातात आबांचा स्वेटर देऊन म्हणाली, “तुझ्याकडे असू दे, थंडी आहे.” थंडी कोणाला, हे मी विचारलं नाही. ही मुलीला फसवतेय की स्वतःला, ते मला कळेना.

अशात साहेबांना कल्पना सुचली. साहेबांना कल्पना सुचली की आम्ही सगळे जिथे असू तिथे खाली बसून घेतो. फोनवर मुलं एवढं मावशी मावशी करतात, तर एका रविवारी मावशीचं घरच दाखवू या. थेट. सगळी थोर माणसं एका छपराखाली. प्राध्यापक पाहुणा म्हणून येईल. “आणि मावशी?” कोणीतरी विचारलं. साहेबांनी सगळीकडे नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. “तुम्ही करा. तुमच्या चेहऱ्यावर कामाने पिचलेलं दिसतं.”

मी हो म्हटलं. विचार न करता म्हटलं. इतकी वर्षं ज्या बाईने जगाकडे गाढवाच्या शिवणीतल्या भोकातून पाहिलं, तिला कोणी उजेडात उभं राहा म्हटलं तर ती काय नाही म्हणेल? बसने घरी जाताना मी खिडकीच्या काचेत हसण्याची तालीम करत होते. समोरचा गृहस्थ उठून दुसरीकडे बसला.

दोन दिवसांनी तेच हसू घेऊन ताईकडे डोकावले, तर भिंगरी पिशवी भरत होती. जाहिरात तिने आधीच पाहिली होती. पिशवीत पत्त्यांचा जोड, आबांचा मफलर, आणि एका डबीत कापसावर ठेवलेली कवळी. “रविवारी तुझं मोठं घर दाखवणार ना?” ती म्हणाली. “म्हणजे आबा दिसतील. मी स्वतःच देते दात. तू काय, सारखी विसरतेस.”

माझं हसू कुठल्या कुठे पळालं. मी ताईला स्वयंपाकघरात ओढलं. “आता तरी सांग. ती तिथे येऊन शोधणार आहे.”

“तिला घरी ठेवू.”

“तिला? तिने शाळेतल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय.”

“मग तू सांग,” ताई म्हणाली. “ते तुझ्याकडे आहेत.”

हे बोलून ती स्वतःच दचकली. मग नळ सोडून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. मी बाहेर जाऊन भिंगरीजवळ बसले. म्हटलं, “हे बघ, आबा ना...” तिने माझ्या हातात पावाचं पुडकं ठेवलं. “रविवारपर्यंत पुरेल त्यांना?” मी म्हटलं, “पुरेल.” झालं. ताईला नावं ठेवायला माझं तोंडही काही फार मोठं नव्हतं.

तिकडे स्टुडिओत मावशीचं घर उभं राहत होतं. नेपथ्याचं सामान बघणारे काका हैराण झाले होते. दाराशी कोट किती टांगायचे? पलटणीचे धरायचे की नाही? घोडा पुठ्ठ्याचा केला आणि अंगणात टेकवला. माणसं हाताशी होती तीच घेतली. कप्तान झाला कॅन्टीनचा आचारी, राणी रंगभूषावाली बाई, आणि पुस्तकभर खोकणाऱ्या बाईचं काम हिशेबनीस बाईंना मिळालं, कारण त्यांना खरंच खोकला झाला होता. माझ्या जागी मागचे पाय म्हणून खुद्द काका. मी त्यांना सगळं शिकवलं. ताईच्या कमरेचा पट्टा धरायचा, ती थांबली की थांबायचं, तिचा डावा कोपर लागला की शेपूट हलवायची. काका म्हणाले, “एवढंच?” मला ते लागलं.

रविवार आला. मुलं पुढच्या रांगांत बसली. भिंगरी पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी, पाय हलत नव्हते. त्या मुलीचे पाय थांबलेले मी कधी पाहिले नव्हते.

दिवे लागले. मी दार उघडलं. “या, प्राध्यापक, या.” गाढव आत आलं, पुढचं आधी आणि मागचं बरंच नंतर. मुलं हसली. मी घर दाखवायला लागले. हा कप्तान, याला आंघोळीची भीती वाटते. ही राणी, ही हल्ली पाणीसुद्धा वास घेऊन पिते. हिशेबनीस बाई इतक्या मनापासून खोकल्या की कॅमेरावाल्याने त्यांना पाणी दिलं. मुलं खूश होती. उजेड माझ्या तोंडावर होता. मी हे इतकी वर्षं मागत होते आणि आता मिळालं तर मला फक्त पहिली रांग दिसत होती.

भिंगरी उठली. पिशवी घेऊन सरळ घरात शिरली. तिने खाटेखाली पाहिलं. कपाट उघडायला गेली तर ते भिंतीवर रंगवलेलं. पडद्यामागे पाहिलं, घोड्यामागे पाहिलं. साहेब काचेमागून हाताने गोल गोल खुणा करत होते, चालू ठेवा, चालू ठेवा. भिंगरी कप्तानापुढे जाऊन उभी राहिली.

“माझे आबा कुठे आहेत? तुमच्याशी पत्ते खेळतात ते.”

आचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. भला माणूस, मदत करायला गेला. “ते होय? ते बाजारात गेलेत.”

“दातांशिवाय?” भिंगरी म्हणाली. तिने डबी उघडली आणि माझ्यासमोर धरली. कॅमेरा जवळ आला. त्या क्षणी कितीतरी घरांतल्या टीव्हीवर आमच्या आबांची कवळी दिसत होती. “मावशी, बाजारात जाऊन काय खाणार ते? दात तर माझ्याकडे आहेत.”

मी गाढवाकडे पाहिलं. ते जागच्या जागी उभं होतं. मग त्याच्या मानेतून ताईचा बारीक आवाज आला. “झोपलेत म्हण.” आजवर मी पोटातून सांगत आले आणि ती बोलत आली. आज पहिल्यांदा ती आतून सांगत होती आणि बोलायचं मला होतं. तिने पुन्हा म्हटलं, “आतल्या खोलीत झोपलेत म्हण ना.”

मी खाली बसले. गुडघे वाकवायची मला सवय आहे.

“भिंगरे, आबा इथे नाहीत.”

“मग कुठे आहेत?”

“कुठेच नाहीत, बाळा. आबा मेले. हिवाळ्यात, दवाखान्यात. मी आणि तुझी आई त्यांच्याजवळ होतो. ते माझ्याकडे कधी आलेच नाहीत.”

हिशेबनीस बाईंचा खोकलासुद्धा थांबला.

“म्हणजे ते परत येणार नाहीत?”

“नाही.”

ती विचार करत होती. मला वाटलं, आता रडेल. पण तिने डबीकडे पाहिलं आणि विचारलं, “आणि त्यांना भूक लागली तर?”

“नाही लागत. मेल्यावर भूक लागत नाही. छातीत दुखत नाही. दात लागत नाहीत.”

भिंगरीने इतका मोठा श्वास सोडला की माझ्या चेहऱ्याला लागला. “मग बरं,” ती म्हणाली. “मला वाटलं, इतके दिवस उपाशीच आहेत.” आणि एवढं बोलून झाल्यावर तिने भोकाड पसरलं.

त्याच वेळी गाढवाचं डोकं थरथरायला लागलं. आधी हळू, मग गदागदा. ताई रडत होती. हिवाळ्यापासून साठलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं, आणि रडताना तिचा डावा कोपर सारखा मागे लागत होता. काकांना शिकवलं होतं तसं काकांनी केलं. गाढव हमसून हमसून रडतंय आणि शेपूट पंख्यासारखी फिरतेय. मुलं पोट धरून हसायला लागली. भिंगरी रडता रडता हसली, मग हसता हसता पुन्हा रडली.

ताई भिंगरीकडे धावली. ती थांबली की थांबायचं, हे काकांना माहीत होतं. ती धावली तर काय करायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. काका जागेवर राहिले. टर्रकन आवाज झाला आणि प्राध्यापक बरोबर मधोमध दोन झाले. पुढचं गाढव गुडघ्यांवर बसून दोन्ही खुरांनी भिंगरीला मिठी मारत होतं. मागचं गाढव पुठ्ठ्याच्या घोड्याशेजारी उभं होतं आणि त्यातून काका घामेजलेलं टक्कल काढून विचारत होते, “झालं का?” कप्तान पदराने डोळे पुसत होता. पदर राणीचा होता.

साहेबांनी पडद्यावर माशांच्या टाकीचं चित्र लावलं. पण फोन वाजायला लागले होते. साहेबांनी देवाचं नाव घेऊन पहिला उचलला. आता आया काय काय बोलतील, म्हणून आम्ही सगळे श्वास धरून ऐकत होतो. पण फोनवर मुलं होती, आणि आबांचं किंवा मरणाचं त्यांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांचं म्हणणं वेगळंच. “गाढवात दोन माणसं होती?” एक मुलगी संतापून विचारत होती. “आणि हे आम्हाला कोणी सांगितलं का नाही?” दुसऱ्या मुलाने शांतपणे विचारलं, “मग कप्तानपण मेला ना?” साहेब अडखळत हो म्हणाले. “वाटलंच मला,” मुलगा म्हणाला. “जहाज बुडल्यावर कोण मावशीकडे जातं?”

साहेबांनी फोन ठेवला आणि ते तडक घरी निघून गेले. पुढच्या रविवारी मात्र नियम गेला. प्राध्यापकाने एक पुस्तक खाल्लं, त्यातला म्हातारा नावाडी शेवटी मेला, आणि ताईने सांगितलं, “तो मेला.” एका मुलीने विचारलं, “त्याच्या होडीचं काय झालं?” मला सांगायचं आहे ते एवढंच, की त्या संध्याकाळी पुस्तकाबद्दल प्रश्न आला. बऱ्याच वर्षांनी.

मावशीचं काम अर्थातच संपलं. ताईने मला मोठ्या मनाने सांगितलं, “तू पुढे ये, मी मागे जाते.” एकदा करून पाहिलं. माझा घसा सुकला, आणि मागे पुस्तक डोक्यावर पडल्यावर ताईने असा काही शब्द उच्चारला की साहेबांना परत मासे लावावे लागले. आम्ही आपापल्या जागी परत आलो.

कवळीचा प्रश्न उरला होता. ती डबी भिंगरीच्या उशाशी होती. इतके दिवस टाचण्यांवर निभावलेली गाढवाची फाटलेली कंबर शिवायला ताई अखेर घरी घेऊन आली, आबांची जाड सुई काढली, तेव्हा भिंगरी बराच वेळ बाजूला बसून बघत होती. मग उठली आणि डबी आणून ताईच्या मांडीवर ठेवली. “आबांना नको असतील तर याला दे. याचे बसवायचे राहिलेत.”

ताईने दोरा ओवायला मला दिला, कारण तिला नीट दिसत नव्हतं. एवढ्या मोठ्या जबड्यात ते इवलेसे दात म्हणजे मोठ्या सभागृहात पहिल्या रांगेतच चार माणसं बसावीत तसं दिसत होतं. पण घट्ट बसले.

त्या रविवारी गाढवाने तोंड उघडलं आणि पहिल्या रांगेतून भिंगरी ओरडली, “आबा हसले.” आचारी आला होता, तोही म्हणाला, अगदी हुबेहूब. काका म्हणाले, साहेब म्हणाले, हिशेबनीस बाई खोकत म्हणाल्या. सगळ्यांनी पाहिलं. मला कुठून दिसणार? मी आपली पोटात, वाकलेली, शेपटीची दोरी हातात धरून. तेवढ्यात वरून पुस्तक घसरत आलं आणि नेमाने माझ्या टाळक्यावर आपटलं. मी बॅटरी लावली. पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या कडेवर आबांचे दात उमटले होते, वरचे आणि खालचे, दोन्ही. पुढून ताई हळूच विचारत होती, “काय गं, सांग ना, सुरुवात काय आहे?” त्या दिवशी पहिलं वाक्य मी तिला जरा उशिराच सांगितलं.